काकांच्या कांजिण्या

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जगातली प्रत्येक गोष्ट आधीच होऊन गेलेली होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस नोएडाच्या त्या अर्ध्या रिकाम्या सेक्टरात शेजाऱ्यांच्या दुखण्यांवरच जगत असावा. कुणी कावीळ म्हणावं, की काका म्हणत, "मला दोनदा होऊन गेलीय." मलेरिया, मूतखडा, विंचू चावणं, सगळं झालेलं. एकदा वैतागून मी बाळंतपणाचं विचारलं, तर म्हणाले, "बहिणीच्या वेळी दाराबाहेर मीच होतो. तिच्यापेक्षा जास्त कण्हलो." आता बोला!

आमच्या मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा बायकोला सातवा महिना होता, आणि तिला त्या लहानपणी झालेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी तिला मुलाजवळ जायची सक्त मनाई केली. मला होऊन गेल्या होत्या, पण नुकत्याच आलेल्या परदेशी कंपनीत रजा मागणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. सहा वर्षांचं पोर बंद खोलीतून आईला हाका मारत होतं. कांजिण्या म्हणजे देवीचा फेरा मानणाऱ्या समोरच्या आंटी "माता आई है, घर में तड़का मत लगाना" एवढं बजावून दार लावून बसल्या. आम्ही अगदी हवालदिल झालो होतो. तेवढ्यात काका पत्त्यांचा जोड घेऊन खाली उतरले. "कांजिण्या ना? मला होऊन गेल्यात, यार. हो बाजूला." दहा दिवस ते पोराच्या उशाशी बसले, कडुनिंबाच्या पाल्याने त्याची खाज शमवत आणि लबाडी करून मुद्दाम हरत.

पोरगा बरा झाला. पंधरवड्यात काकांच्या अंगावर पुरळ उठलं. मी थट्टेत म्हणालो, "काका, दुसऱ्यांदा का?" ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे पडले. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "अंकल, बचपन में चिकनपॉक्स हुआ था?"

"नहीं."

मी चाट पडलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बच्चे अक्सर ठीक हो जाते हैं. इस उम्र में फेफड़ों में उतर जाए तो जान भी जा सकती है."

मी काकांवर अक्षरशः खेकसलो, "खोटं का बोललात?"

"अरे, खरं सांगितलं असतं तर तुझ्या बायकोने मला आत येऊ दिलं असतं का?" एवढं बोलायला त्यांना चारदा थांबावं लागलं.

सहाव्या दिवशी काका गेले.

पुढे मुलगी झाली, मायलेकी दोघीही धडधाकट. बायको अजून म्हणते, आपल्याला कळायला हवं होतं. मला राग येतो, तिचा नाही, माझाच. ज्या माणसाच्या एकाही दुखण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही, त्याच्या कांजिण्यांवर मात्र त्या सकाळी लगेच ठेवला, कारण खाली ऑफिसची बस उभी होती.