बऱ्हाणपूरला नेलेली मोळी

जळगावच्या फलाटावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही चौघं उभे होतो. मी, सौभाग्यवती, माझी थोरली बहीण अक्का आणि सौभाग्यवतींचे थोरले बंधू नाना. नाना खास या सहलीसाठी धुळ्याहून चाळीसगावला गाडी बदलून आले होते. आमच्या पायाशी भाकरींचं गाठोडं होतं, असोद्याच्या हिरव्या वांग्यांची पाटी होती, वांगी ठेचायची लाकडी बडजी होती आणि या सगळ्यांवर मान काढून उभी असलेली कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची एक भलीमोठी मोळी होती.

हमालानं मोळीकडे पाहिलं, मग माझ्या टोपीकडे.

"शेठ, चूल बी शे का संगे?"

बऱ्हाणपूरचं जुनं, राखून ठेवलेलं शहर पाहायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारला जावा, इथूनच माझ्या आखणीला उतार लागला.

माझ्या आखण्यांची घरात कीर्ती आहे, पण ती चांगली नाही. मागे पद्मालयाच्या गणपतीला नेतो म्हणून सगळ्यांना गाडीत बसवलं, म्हसावदला उतरायचं ते मलाच डुलकी लागून राहून गेलं, आणि आम्ही पाचोऱ्याच्या फलाटावर बसून दुरूनच हात जोडले. तेव्हापासून मी "चला" म्हटलं की मंडळी आधी "कुठपर्यंत?" असं विचारतात. म्हणून या खेपेस मी दिवाळीपासून तयारी चालवली होती. रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन एका जुन्या पुस्तकावरून शहराचा नकाशा उतरवला. तटाचे दरवाजे, तापीकाठचा बादशाही वाडा, त्यातला रंगीत छताचा हमामखाना (न्हाणीघर), विणकरांच्या गल्ल्या. कुठून शिरायचं, कुठून निघायचं, दुपारी सावली कोणत्या भिंतीची मिळेल, इथपर्यंत मी ठरवलं होतं. सरकारनं पाटी लावून जपलेला एकही दगड माझ्या नजरेतून सुटणार नव्हता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो नकाशा ओट्यावर पसरून भाषण केलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी अक्का म्हणाली, "आनि ती विहीर कोठे शे यामा?"

नाना खाली मान घालून मिशीतल्या मिशीत हसले.

ही विहीर म्हणजे आमच्या घरातली जुनी गोष्ट. अक्का लहान असताना आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कापसाच्या गाडीत बसून बऱ्हाणपूरला गेली होती. तिथं शहराबाहेर एका विहिरीचं पाणी प्यायली. ती सांगायची, त्या विहिरीतलं पाणी एका जागी राहत नाही, जमिनीच्या पोटातून चालत पुढच्या विहिरीत जातं, तिथून पुढच्या, आणि असं करत करत शहरात पोचतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, त्यामुळं मला साक्ष देता येत नव्हती, आणि आबा तर कधीच गेले. होता होता आमच्याकडे कुणी थाप मारली की पोरंसोरंही म्हणू लागली, "ही अक्काची विहीर!" अक्का हसायची. पण अलीकडे ती गोष्ट सांगायची थांबली होती, आणि ते मला खटकत होतं.

नाना धुळ्याच्या कोर्टात आहेत. त्यांना पुराव्याशिवाय पाणीही गोड लागत नाही.

"अक्का," ते म्हणाले, "कोळी लोक समुद्रातलं सांगतात, तुम्ही विहिरीतलं सांगता. पाणी उताराला वाहतं हे मान्य. पण विहिरीतून विहिरीत? चालत?"

"चालस," अक्का म्हणाली. "मी देखेल शे."

"लहान होता तुम्ही."

"लहान व्हती, आंधळी नव्हती." मग ती म्हणाली, "नाना, सकाळी जाई ऱ्हायनूत नं आपन? तठे पानी चालताना दिसनं नही, ते मी हाई गोष्ट परत कोनले सांगाव नही. मरताना बी नही. आनि दिसनं, ते आखाजीले बठ्ठा भाऊबंदसमोर तू सांगशी, अक्का खरी शे."

"कबूल," नाना म्हणाले.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. त्या सणाला आमच्याकडे अख्खं गणगोत जमतं, दारात झोके चढतात. तिथं उभं राहून कबुली देणं म्हणजे कोर्टात देण्यापेक्षा अवघड. मी नकाशाच्या कोपऱ्यात, जिथं शहर संपतं तिथं, पेन्सिलीनं एक गोल काढला. पुस्तकात त्या जागेबद्दल अर्धी ओळ होती आणि तीही मी घाईत वाचली होती.

मोळीचा जन्म त्यानंतर झाला. थंडीचे दिवस, नाना पाहुणे, तेव्हा भरीत झालंच पाहिजे, हे कुणी बोलायचीही गरज नव्हती. वांगी असोद्याचीच, हेही ठरलेलं. मी एवढंच म्हटलं, की काड्या तिकडे मिळतील.

"तिकडच्या काड्या?" सौभाग्यवतींनी पोळपाट खाली ठेवला. "मध्य प्रांतातल्या? कुठल्या कपाशीच्या, कधी वाळवलेल्या, कुणास ठाऊक! वांगं नासवायचं असेल तर तुमच्या नकाशावर भाजा."

नानांनी बहिणीची बाजू घेतली. अक्कानं मोळी बांधली. मी ती उचलली.

रावेरच्या पुढं गाडीच्या दोन्ही अंगांना वेचून झालेली कपाशी उभी होती. मैलच्या मैल, काड्याच काड्या. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. सौभाग्यवती दुसऱ्या खिडकीतून मुद्दाम आकाश पाहत होत्या.

बऱ्हाणपूरला टांगेवाल्यानं मोळी पाहून विचारलं, "लकडी बेचने आये हो, सेठ? यहाँ तो भाव गिरा हुआ है." मी ताठ मानेनं त्याला शहराच्या दरवाजाचं नाव सांगितलं. तटाचा तो दरवाजा दिसला तेव्हा मात्र मला माझाच अभिमान वाटला, कारण नकाशात होता तिथंच तो होता! आत अरुंद गल्ल्या, घराघरातून मागांची खडखड, रस्त्यावर वाळत घातलेली रंगीत सुतं. एका दुकानात खव्याची जिलबी खाल्ली. काळपट, जाड, पाकानं जड झालेली. नानांनी दुसरी मागवली आणि "ही पुराव्यादाखल" म्हणून तिसरीही.

वाड्याच्या दाराशी मात्र पहारेकऱ्यानं हात आडवा केला. जपलेल्या इमारतीत सरपण नेता येत नाही, असं त्यानं पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. मोळी रस्त्यावर सोडायला सौभाग्यवती तयार नव्हत्या. कुणीतरी बाहेर थांबायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर पुस्तकात पाहिलंय," सौभाग्यवती म्हणाल्या.

तेव्हा वाचकहो, बादशाही वाड्याचं वर्णन मी करू शकत नाही. दोन महिने ज्याची आखणी केली, त्याच्या बाहेर काड्यांवर बसून मी तापीकडून येणारा वारा खाल्ला. एका बकरीनं मोळीत रस घेतला, तिला हाकललं. मंडळी बाहेर आली. हमामखान्याचं छत कसं होतं विचारलं, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "फुलं आहेत, वेली आहेत. लुगड्याच्या काठाला उतरवावीत अशी." नाना म्हणाले, "थंड आहे." अक्काचं लक्ष टांग्याकडे होतं.

शहर मागं पडलं, डोंगराकडची बाजू आली. मोकळ्या माळावर गोल कठडे दिसू लागले, एकामागून एक ओळीनं, जणू जमिनीवर कुणी मोठमोठे रांजण पालथे घातले आहेत. अक्का टांगा थांबायच्या आधीच उतरली. एका कठड्यावर हात ठेवून ती नुसती उभी राहिली.

"ये कुंडियाँ," म्हातारा राखणदार पुढं येत म्हणाला. इथं विहिरीला कुंडी म्हणतात. "बादशाह के जमाने की. नीचे पानी चलता है, पहाड से शहर तक."

अक्कानं नानांकडे पाहिलं.

"ऐकीव साक्ष," नाना म्हणाले. त्यांनी वाकून आत पाहिलं. आम्हीही पाहिलं. खोल, काळोख, तळाशी काहीतरी चमकल्यासारखं. पाणी होतं, पण हालचाल कळेना. "विहीर आहे, विहिरीत पाणी आहे. यात चालतंय काय? अक्का, राग मानू नका, पण..."

अक्काचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत तिनंही बहुधा हा विचार केला नसावा, की वरून चालणारं पाणी आणि उभं पाणी सारखंच दिसतं. लहानपणी आबांनी तिला कसं दाखवलं होतं, तेच तिला आठवेना. ती कठड्यावर टेकली. पाचोऱ्याच्या फलाटावर निदान कुणाची गोष्ट पुसली जाणार नव्हती.

मग तिची नजर मोळीवर गेली.

"काडी दे रे भाऊ."

मी एक लांब काडी ओढून दिली. भाकरीच्या गाठोड्याच्या लाल फडक्याची चिंधी फाडून तिनं टोकाला बांधली. राखणदार मध्ये आला. "पीने का पानी है, बहन. पूरा शहर पीता है." अक्कानं मान डोलावली. तांब्यातल्या पाण्यानं काडी घासून धुतली, चिंधीही धुतली, आणि पुढच्या कुंडीतून ती बाहेर काढायचं कबूल केलं. राखणदार जरा विचारात पडला, मग स्वतःच पोहरा आणि दोर घेऊन आला. त्यालाही गंमत वाटू लागली होती.

अक्कानं काडी सोडली. ती खाली कशी पडते ते पाहायला मी इतका वाकलो की माझी टोपी काडीच्या मागोमाग गेली.

राखणदार जे बोलला ते इथं लिहीत नाही. टोपी नवी होती, धुतलेली होती, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं.

आम्ही धावत पुढच्या कुंडीवर गेलो. चौघं आणि राखणदार कठड्याभोवती. आत अंधार. "असं दिसणार नाही," म्हणत नानांनी खिशातून आरसा काढला. हा आरसा म्हणजे नानांचा जीव. मिशी दिवसातून किती वेळा पाहतात ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी उन्हाचा कवडसा धरला, हलवत हलवत खाली सोडला, आणि पाण्याचा एक गोल तुकडा उजळला. रिकामा.

कवडसा पाण्यावर फिरत होता. सौभाग्यवतींनी अक्काचा हात धरला. नानांनी खाकरून घसा साफ केला, आता हे निकाल देणार असं मला वाटलं, आणि तेवढ्यात आरसा त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिला.

"ऊनी!" धुळ्याच्या कोर्टाची सगळी मराठी विसरून नाना ओरडले. "ऊनी, ऊनी! काडी ऊनी व अक्का! लाल चिंधी देख! चाली ऱ्हायनी, देख कशी चाली ऱ्हायनी!"

उजेडाच्या गोलात लाल ठिपका घेऊन काडी आली, डुलत, कसलीच घाई नसल्यासारखी. राखणदारानं शिताफीनं पोहरा टाकून ती वर काढली. काडीच्या मागून माझी टोपी आली. तिचं कुणी स्वागत केलं नाही.

अक्का नाचली नाही, रडली नाही. तिनं राखणदाराकडून ओंजळभर पाणी मागितलं, तेही वरच्या अंगाच्या कुंडीतलं, टोपीनं न बाटवलेलं. प्याली. म्हणाली, "तेच पानी शे, भाऊ. आबाले भारी आवडे."

मग शेताच्या बांधावर, कुंड्यांपासून लांब, मोळी पेटली. वांगी काळी पडून फुटली, बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली गेली. राखणदाराला भाकरीवर भरीत दिलं. तो खाऊन म्हणाला, "बैंगन तो हमारे यहाँ भी होते हैं. ये धुएँ का मजा कहाँ से आया?"

"काड्या घरच्या आहेत," सौभाग्यवती म्हणाल्या, राखणदाराला नव्हे, मला. मी ओली टोपी काठीवर वाळवत बसलो होतो. मान्य केलं.

येताना मोळी नव्हती, हात रिकामे होते, तरी ती लाल चिंधीची एक काडी अक्कानं भुसावळ, जळगाव करत घरापर्यंत मांडीवर आणली. माझ्या नकाशातली अर्धी ठिकाणं पाहायची राहिली, आणि वाडा तर मी अजूनही पाहिलेला नाही. तरीही आता "चला" म्हटलं की घरात कुणी "कुठपर्यंत?" विचारत नाही. आखलेल्या वाटेवरून नेणारा माणूस मी नव्हे, हे मला पटलंय. पण पेन्सिलीचा तो कोपऱ्यातला गोल माझाच होता, एवढं श्रेय मी घेतो.

आखाजीला नानांनी शब्द पाळला. झोक्यापाशी सगळ्यांना गोळा करून त्यांनी अख्खी हकीकत सांगितली, आरशासकट. लोक पोट धरून हसले. धुळ्याला कोर्टातही सांगितली होती, तिथंही कुणी मानली नव्हती.

"अक्का, तुम्ही सांगा ना यांना!" नाना काकुळतीला आले.

अक्का चुलीवरच्या खापरावर पुरणाचा मांडा टाकत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"तू देखी नं नाना? मंग आते तूच सांगत बस."