माझ्याकडे पाठ केलेले स्पीकर

आमच्या गायिका शालिनीताईंचा अंतरा अर्धा बाकी होता आणि मी दाणकन झांजा मारून गाणं संपवून टाकलं.

खापरखेड्याच्या कॉलनीत गणपतीचा कार्यक्रम होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात मी ड्रम्स वाजवायचो. दोन्ही स्पीकरची तोंडं पब्लिककडे, माझ्याकडे त्यांची पाठ. मागे ऐकू यायचा तो नुसता घुमारा. म्हणून मी ताईंचा अंबाडा बघून वाजवायचो. अंबाडा जरा खाली गेला की ओळ संपली, पार खाली गेला की गाणं संपलं! त्या दिवशी एक साहेब उशिरा आले आणि ताईंनी गाता गाता मान लववून त्यांना नमस्कार केला. झालं कल्याण.

इंटर्वलमध्ये मनोहरदादा तणतणत आले. ऑर्केस्ट्राचे मालक तेच, निवेदकही तेच.

"काहून गा, भांग पिऊन आला काय?"

"दादा, मले गाणं ऐकूच नाही येऊन राहिलं. एक बॉक्स माझ्याकडे फिरवा ना."

आज याला मॉनिटर म्हणतात, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर. तेव्हा ती निव्वळ चैन होती.

"पब्लिक ऐकाले आली का तू? ठेका पळवून राहिला तू, ताई रोज सांगते. उद्या कामठीचा ड्रमर आणतो मी!"

 हे काम गेलं असतं तर पुन्हा वरातीत ताशा बडवायची पाळी होती. पण रागही आला. मी एकदम गरीब गाय झालो.

"चुकलं, दादा. एक गाणं माझ्याजवळ बसा ना. कुठं पळतो ते दाखवा. निवेदन तिथूनच करा."

दादांना पटलं. माइक घेऊन ते माझ्या शेजारी बसले. मी हळूच नवीन बसवलेलं गाणं घ्यायला लावलं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ताई एकट्या गातात. दादा तालमीला कधी बसायचे नाहीत.

वाद्यं थांबली. अंबाडा खाली गेला. दादा ताडकन उठून माइकमध्ये गरजले, "वा वा! होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या!"

ताई गाता गाता गर्रकन वळल्या. अख्खी कॉलनी खो खो हसली.

"ऐकू नाही आलं काय, दादा?" मी विचारलं.

"चूप बैस."

पण पुढच्या गाण्याआधी त्यांनी माइकवाल्यावर ओरडून एक बॉक्स माझ्याकडे फिरवायला लावला. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. तशी ती दोनदा वाजली, मग त्यानं बॉक्स जरा तिरपा केला.

जिंकलो की! मी ऐटीत काठ्या उचलल्या. पहिल्यांदाच ताईंचा शब्द न् शब्द कानावर आला. आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कळलं की ताई बिचाऱ्या माझ्या मागे धापा टाकत होत्या. ठेका खरंच मी पळवत होतो.

मी गुपचूप लय उतरवली. कामठीचा ड्रमर काही आला नाही.

आता नवी पोरं मॉनिटरसाठी भांडतात. मी सांगतो, जरूर मागा बाप्पा, पण मग सबब उरत नाही.