काकांचा वेगळा पडदा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात बिलं करायचे. ऑफिसात कॉम्प्युटर एकच आणि त्यावर माणसं दोन: मी आणि माल पाठवण्याचं काम बघणारे काका. काका तारापूरकडच्या मच्छीमार गावातले, माझ्याहून बरेच मोठे. स्क्रीनवर उघडलेलं काही बंद करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गाड्यांची यादी, चलान, पत्र, कॅल्क्युलेटर, सगळ्या खिडक्या एकीवर एक उघड्या आणि माझं बिल कुठेतरी तळाशी गाडलेलं. मी रोज कुरकुरायचे, ते रोज म्हणायचे, "मॅडम, समोर असलं की ध्यानात ऱ्हातं."

मला पसाऱ्याची पहिल्यापासून चीड. टेबलावरच्या चिठ्ठ्या तर मी आल्या आल्याच बंद केल्या होत्या. निरोप असला की स्क्रीनवर एका खिडकीत लिहायचा आणि ती सगळ्यांच्या वर ठेवायची, हा नियम माझाच. त्यातच एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला घबाड सापडलं. ते सॉफ्टवेअर घातलं की एका कॉम्प्युटरचे चार पडदे व्हायचे. दोन बटणं दाबली की आपल्या खिडक्या समोर आणि दुसऱ्याच्या नजरेआड. पहिला पडदा मी घेतला, दुसरा काकांना दिला आणि माझ्या पडद्यावर फिरकायचं नाही अशी तंबीही दिली.

"म्हंजे वाटणी झाली म्हणा की," ते हसून म्हणाले. मीही हसले. पुढचे काही आठवडे मी खुशीत होते.

एका शनिवारी काका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलेले असताना त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्यांच्या घरच्यांनी जुनी होडी विकली होती. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात यायचं, ते आजच येऊन थडकलं होतं आणि संध्याकाळच्या भरतीला होडी नेणार होतं. होडी निघताना नारळ थोरल्याने वाढवायचा, वडलांच्या मागे तो मान काकांचा. मी निरोप मोठ्या अक्षरांत टाइप केला, खिडकी सगळ्यांच्या वर ठेवली. शनिवारचा अर्धा दिवस भरला होता, मला पालघरला घरी जायची घाई. निघताना सवयीने काकांचा पडदा पुढे करून ठेवला. निरोप माझ्या पडद्यावर राहिला. माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

सोमवारी काका आले ते चेहरा पाडूनच. शनिवारी उशिरापर्यंत ते त्याच स्क्रीनसमोर काम करत बसले होते आणि घरी पोचले तेव्हा किनाऱ्यावर होडी नव्हती.

"भावानंच नारळ फोडला. वर मला म्हंतो, फोन केला व्हता. आयेसमोर खोटारडा म्हटलं मी त्याला."

मी पहिला पडदा पुढे आणला. काकांनी निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि गोदामाकडे निघून गेले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर एसटीने त्यांच्या गावी गेले. भाऊ ओट्यावर बसला होता, आई दारात. काका अंगणातच थांबले. मी पडदे, बटणं, सगळं सांगायला लागले. ते कुणाला कळत नव्हतं हे मलाही दिसत होतं. शेवटी भावाकडे हात करून म्हटलं, "यांनी फोन केला होता. चूक माझी आहे." आईने पदर तोंडाला लावला.

भाऊ चिडला नाही. म्हणाला, "ताई, पानी उतराया लागलं तरी आमी होडी धरून ठेवली व्हती. गिऱ्हाईक वराडत व्हतं. मी परत फोन लावनार व्हतो. पन तुमी म्हनाला व्हता, काळजी करू नका, सांगते. म्हनून नाय लावला."