नवीन लागेपर्यंत जुनं

कुमुद गेल्याचा फोन तिच्या लेकीने, सुजाताने केला तेव्हा मी दही लावत होते. हातातलं काम पुरं केलं, भांड्यावर झाकण ठेवलं आणि मगच खुर्चीत बसले... कुमुदनेही तेच केलं असतं. तुम्ही माझी दोघं नातवंडं तिकडे परदेशात कॉम्प्युटरवरच काम करता, म्हणून तुमच्या या कुमुदआजीविषयी लिहून ठेवते आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी वाशीच्या एका कचेरीत प्रोग्रॅम लिहायचो. उरणकडच्या गोदामांतला माल आमच्या फाइलींत नोंदलेला असे. त्या फाइलींत बदल करायची रीत मात्र ज्याची त्याची. लाइट केव्हाही जायची. एका दुपारी ती गेली आणि कुणाच्या तरी प्रोग्रॅमने लिहायला घेतलेली फाइल अर्धीच राहिली. जुनी त्याने आधीच पुसली होती. गोदामाच्या दारात ट्रक उभे, आणि आत कोणाचा माल किती हे कोणालाच सांगता येईना. शेवटी पोती मोजून ती फाइल पुन्हा उभी करावी लागली.

कुमुदचं म्हणणं सरळ होतं. बदल करणारा भाग एकदाच नीट लिहायचा आणि सगळ्या प्रोग्रॅमनी तोच वापरायचा. तो आधी नवीन फाइल पूर्ण लिहील, तपासील, मग जुनीच्या जागी बसवील. तोवर जुनीला हात लावायचा नाही. आमचे साहेब हसले. "म्हणजे कुमुदबाई, सगळ्यांचा स्वयंपाक तुमच्याच चुलीवर?"

"चूल नाही साहेब, विरजण. नवीन दही लागेपर्यंत घरातलं जुनं कोणी संपवतं का?"

मला ते पटेना. "अगं, तुझ्या त्या भागात एक चूक निघाली तर सगळेच बुडू."

"आत्ता प्रत्येक जण आपापल्या परीने बुडतोयच की. चूक एकाच ठिकाणी असली तर सापडेल तरी." पण माझी शंका तिने झटकून टाकली नाही. आम्ही दोघींनी वाचल्याशिवाय त्या भागात एक ओळही बदलायची नाही, असा नियम तिनेच केला. मग साहेबांना म्हणाली, "माझा प्रोग्रॅम चालू असताना मेन स्विच बंद करा. फाइल बिघडली तर हा विषय पुन्हा काढणार नाही."

साहेबांनी खरंच स्विच बंद केला. मशीन पुन्हा सुरू केलं. फाइल जुनीच होती, पण अखंड. दुसऱ्यांदा त्यांनी जरा थांबून बंद केला. या वेळी फाइल नवीन, तीही अखंड. "अजून एकदा?" कुमुदने विचारलं. "नको बाई, आता मशीनच जळायचं," साहेब म्हणाले, आणि तिचा तो भाग सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये गेला. पुढे एकदा घाईत तिनेच जुनी फाइल लवकर पुसणारी ओळ घातली होती. मी त्या ओळीवर खूण करून कागद परत केला. "म्हणून तर तुला धरलंय," म्हणाली, आणि ओळ खोडली. अशी कामं एकानेच लिहावीत, पण राखण एकट्यावर सोडू नये, हे माझं मत तेव्हा झालं, ते आजही कायम आहे.

निवृत्तीनंतर नेरुळला आम्ही एकाच सोसायटीत राहिलो. गावाला जाताना एकमेकींकडे विरजण ठेवायचो. आईचे दिवस झाल्यावर सुजाताने फ्रिज आवरला, त्यात कुमुदची विरजणाची वाटीही धुतली गेली. मग ती रिकामी वाटी घेऊन माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली... मी माझ्याकडच्या विरजणातलं अर्धं तिला दिलं. ते मुळात कुमुदकडूनच आलेलं. उरलेलं तसंच झाकून ठेवलं, त्या दिवशी कढीही केली नाही. सकाळी सुजाताचा फोन आला, "मावशी, लागलं."

मग मी माझी वाटी संपवली.