दुपारी गच्चीवर बसू नये

पडेगावातील आमच्या गल्लीत माझ्या घराची गच्ची सर्वांत मोठी आहे. यजमान गेल्यानंतर आणि मुलगी लग्न होऊन दूर गेल्यानंतर ती गच्ची, आणि तिच्या खालचे घरही, एका माणसासाठी फारच मोठे झाले. उन्हाळ्यात मात्र गच्ची भरत असे. गल्लीतील बायका कुरडया, शेवया, पापड वाळवायला माझ्याकडे येत. चीक शिजवणे, सोऱ्यातून कुरडया घालणे ही कष्टाची कामे सकाळीच उरकत. दुपारी खरे तर काही काम नसे. कावळ्यांवर नजर ठेवायची आणि मधून एखादी कुरडई उलटून पाहायची, एवढेच. ही राखण आम्ही जिन्याजवळच्या सावलीत बसून करत असू, आणि तिच्या निमित्ताने दुपारभर बोलणे चाले. मी उभे आयुष्य शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर माझ्याशी रोज बोलणारे कुणी उरले नव्हते. त्या दुपारींची मी वर्षभर वाट पाहत असे.

आमच्या त्या बैठकीची मुख्य होती समोरच्या घरातील म्हातारी. सगळी गल्ली तिला खाला म्हणते. शेवया वळाव्यात तर तिने. तिला दम्याची जुनी तक्रार होती. सकाळी खणखणीत आवाजात सर्वांना कामाला लावणारी खाला दुपार चढली की पदराआड खोकू लागे. "रस्त्याचा धुराळा हाय, दुसरं काय?" असे ती म्हणे. आम्हा सर्वांचाच तसा समज होता.

मग महापालिकेने आमच्या भागात हवा मोजणारे यंत्र बसवले. काही दिवसांतच एका दुपारी गल्लीत एक मोठी गाडी आली. तिच्यावर तोफेसारखा पंखा होता आणि त्यातून पाण्याचे तुषार उंच उडत होते. वाऱ्याने ते तुषार थेट आमच्या गच्चीवर आले, वाळत आलेल्या शेवयांवर.

खाला कठड्याशी धावली. "ओ भाऊ! खीर करायला आलास का आमच्या शेवयांची? बंद कर आधी ते!"

गाडीबरोबरच्या निरीक्षकाने हात जोडले. "खाला, माझा काय गुन्हा? ओझोन लई वाढलाय म्हणं. वरून सांगितलं, पाणी मारा."

"मंग तुमच्या सायबाच्या डोक्यावर मारा की!" शेजारची सून ओरडली. ही मुलगी बोलायला फटकळ, पण खालाला औषधांची आठवण करून देणारी तीच.

मी खाली उतरले आणि त्या निरीक्षकाला वर्गातल्यासारखे समजावून सांगितले. पाणी मारल्याने धूळ बसते. ओझोन बसत नाही, कारण तो धुळीसारखा रस्त्यावरून उडतच नाही. कोणत्याही धुराड्यातूनही तो सरळ बाहेर पडत नाही. वाहनांचा धूर, पेट्रोलची आणि रंगाची वाफ, जळणारा कचरा हे सारे हवेत मिसळते आणि कडक ऊन त्यापासून ओझोन तयार करते. म्हणून तो दुपारी वाढतो. शहराच्या मध्यभागी, शहागंजातल्या गर्दीत ताज्या धुरामुळे तो काहीसा खर्चही होतो. वाऱ्याबरोबर शहराबाहेर आलेल्या हवेत मात्र तो साचत जातो, आणि आम्ही तर शहराच्या कडेलाच राहतो.

त्याने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे काय करायचं बाई? ऊन बंद करायचं का?"

गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. खालाही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. उबळ बराच वेळ थांबली नाही. मी खाली रस्त्यावर उभी राहून ते ऐकत होते. खालाच्या खोकल्याची वेळ आणि मी नुकतीच सांगितलेली ओझोनची वेळ एकच होती.

त्या निरीक्षकाने कार्यालयात माझे नाव सांगितले असावे. मला महापालिकेतल्या बैठकीला बोलावण्यात आले. तिथले तरुण अभियंते मन लावून काम करत होते. कचरा जाळण्यावर नजर ठेवणे, रंगाच्या फवाऱ्याची कामे दुपारी बंद ठेवणे, पेट्रोल शक्यतो संध्याकाळनंतर भरावे असे आवाहन करणे, असे बरेच काही ठरले. शेवटचा मुद्दा असा होता की श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी कडक उन्हाच्या दुपारी घरातच थांबावे.

"हे लोकांना तुम्हीच सांगा, बाई," एक अभियंता म्हणाला. "आमचं कोण ऐकतंय?"

मी हो म्हटले. परत येताना रिक्षात मात्र माझ्या मनात एकच विचार होता. धूर कमी व्हायला काही वर्षे जातील, पण खालाला याच उन्हाळ्यात श्वास घ्यायचा आहे. तिला हे सांगितले तर ती येणार नाही, आणि खाला आली नाही तर गच्चीवर कुणीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्यावर मी सांगितले.

"म्हणजे वाळवण घालूच नाय?" खालाने विचारले.

"घाला ना. सकाळी घाला आणि घरी जा. दुपारी इथे बसू नका."

"आणि कावळे? ते काय तुमचं ऐकणार हायेत?"

"जुनी मच्छरदाणी टाकू की वरून," शेजारची सून म्हणाली. "त्यात काय एवढं?"

प्रश्न इतक्या सहज सुटला. राखणीची गरजच संपली.

तेव्हापासून बायका भल्या सकाळी येतात, घाईघाईने कुरडया घालतात, वर मच्छरदाणी अंथरून कडेला विटा ठेवतात आणि डब्यांच्या, पाण्याच्या घाईत उतरून जातात. संध्याकाळी ज्याचे त्याने गोळा करून न्यायचे. खालाचा खोकला पुष्कळ उतरला आहे. "आता दुपारी झोप लागती बघा, बाई," ती मला जिन्यातच सांगते. हे ऐकून मला आनंद होतो, आणि तो खरा असतो. पण ती झोपलेली असताना मी तिचे दार वाजवू शकत नाही. गच्चीवर बसायला वेगळे कारण लागत नसे. कुणाच्या घरी जायचे म्हणजे काहीतरी कारण लागते, आणि रोज नवे कारण मला सुचत नाही.

चौकात महापालिकेने एक फळा लावून दिला आहे. त्यावर रोजची सूचना लिहिण्याचे काम मी मागून घेतले. सकाळी हवेचा अंदाज पाहायचा आणि खडूने वळणदार अक्षरांत लिहायचे, 'आज दुपारी घरातच थांबावे.' लिहून झाले की मी घरी येते, खिडक्या लावते आणि स्वतःही सूचनेप्रमाणे थांबते.

परवा सकाळीच आभाळ भरून आले. ऊन नाही तर ओझोनही फारसा तयार होत नाही. मी फळ्यावर लिहिले, 'आज दुपारी बाहेर बसण्यास हरकत नाही.' घरी येऊन गच्ची झाडली, सतरंजी अंथरली आणि चहाचे आधण चांगले मोठे ठेवले.

खाला आपल्या दारातच उभी होती. मी वरून हाक मारली, "खाला, आज हवा चांगली आहे. या की वर!"

तिने आभाळाकडे पाहिले. "अवं बाई, असल्या ढगात कोण वाळवण घालतं? वर येऊन काय करायचं?"

तिचे बरोबर होते. मी तिला "खरंच की" म्हटले. ती आत गेली. मी सतरंजीवर बसून एक कप चहा घेतला. उरलेला तसाच पातेल्यात राहिला. वारा थंड होता, आणि दूरवर दौलताबादच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या स्पष्ट दिसत होत्या.