हळदीखालची सुंठ

मामेबहिणीच्या हळदीला मी तिच्या शेजारी बसले होते. हळद लागण्याआधी मामीनं घाईघाईनं तिच्या कपाळावर सुंठेचा लेप लावला आणि दटावलं, "सासरच्यांपुढे अर्धशिशीचं नाव काढू नकोस. आनंदाच्या दिवशी कसलं गं डोकं दुखतंय?"

अहो, आनंदाच्या दिवशीही दुखतं! रडून दुखतं, तसं फार हसूनही दुखतं. आणि आता दुखेल या नुसत्या धास्तीनंही दुखतं. अशा मुलीला एरवी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून सांगायचं आणि आज आजार लपवायचं टेन्शन तिच्याच डोक्यावर द्यायचं, हा कुठला न्याय? पाय मोडला असता तर तोही हळदीखाली लपवला असता का?

ढोल सुरू झाला, तसा तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, उद्या अक्षता पडताना कळ आली तर?"

सभांमध्ये माझं तोंड थांबत नाही. इथं मात्र मी नुसती तिच्या कपाळावरची हळद सारखी करत राहिले.

व्हिडिओवाल्यानं दिव्याचा झोत तिच्यावर मारला. तिनं डोळे मिटून मान खाली घातली.

"अगंबाई, किती लाजतेय नवरी!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या हसल्या.

तीही हसली, पण जपून.