जबड्याखालचा हिरवा

दिनकर गेल्याचे त्याच्या मुलीने, शैलाने, अकोल्याहून फोनवर सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याच्यावर जे छापून आले, त्यातले निम्मे खोटे आहे. त्याने रंगवलेले माझ्या आईचे व्यक्तिचित्र माझ्या घरी आहे. तिच्या जबड्याखालचा हिरवा रंग म्हणजे 'मातीशी असलेले नाते', असे एका विद्वानाने लिहिले. कसले नाते... अंगणात उन्हासाठी हिरवी जाळी बांधली होती. तिच्यातून आलेला उजेड फरशीवरून उसळून आईच्या सावळ्या हनुवटीखाली थांबत होता. दिनकरने तो रुंद ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात उचलला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

हे मी ठामपणे सांगतो, कारण त्याच दुपारी त्याच्या शेजारी बसून मीही आईला रंगवत होतो. दोघेही चित्रकलेचे शिक्षक, तो अकोल्यात, मी अमरावतीत. रेखाटन माझे सरस, हे तोही मान्य करी. हिरवा मलाही दिसला होता. चेहऱ्याला शोभत नाही म्हणून मी तो गाळला, कपाळ उजळले, सुरकुत्या मऊ केल्या.

आई भाजी विकायची. माल पारखावा तशी तिने दोन्ही चित्रे पाहिली आणि माझ्या चित्रापाशी थांबून म्हणाली, "हे कोन हाय बाप्पा? पाहुणे पाहाले येऊन रायले काय मले?" दिनकर हसला. "हसू नको रे," ती त्याला म्हणाली, "तुनं तं मले बजारातून उठवून आनलं. घामबी पुसू देल्ला नाई." त्याचे चित्र भिंतीवर लावायला तिने मलाच सांगितले.

आमची मैत्री निखळ होती, असेही आता लिहितात. नव्हती. तो घरी आला की चित्राकडे न पाहता माझ्याकडे पाही. "काय मास्तर, अजून जळून रायले काय?"

"जळून रायलो," मी म्हणे. "चहा घे."

आता शैलाला प्रदर्शनासाठी ते चित्र हवे आहे. "काका, बाबाचं सगळ्यात मोठं काम तुमच्यापाशी हाय," ती म्हणाली. चित्राखालच्या चार ओळी तोच विद्वान लिहिणार आहे म्हणे. मी नकार कळवला. ज्याला पाहायचे असेल त्याने अमरावतीला यावे. तो फटकारा कुठे सुरू झाला, ब्रश कुठे कोरडा पडला, हे मी दाखवीन. दिनकरचा हात मला लाभला नाही... त्याचे चित्र समजावून सांगण्याचा मान मात्र मी दुसऱ्या कोणाला घेऊ देणार नाही.